घर घेण्याआधी काउंटीचा नकाशा असा वाचा

अमेरिकेत सिएटल-बेलव्ह्यूकडे घर बघताय ना? मग एजंटच्या आधी किंग काउंटीचा (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखी) ‘पार्सल व्ह्यूअर’ हा ऑनलाइन नकाशा उघडा. फुकट आहे, पत्ता टाकला की पार्सल नंबर, म्हणजे त्या जमिनीच्या तुकड्याचा नंबर, मिळतो. दहा आकडी: पहिले सहा त्या प्लॅटचे (जमिनीचे तुकडे पाडल्याचा नोंदलेला नकाशा) किंवा विभागाचे, शेवटचे चार त्या तुकड्याचे. हा नंबर लिहून ठेवा, पुढे सगळीकडे तोच लागतो.

पण नकाशातल्या हद्दीच्या रेषेवर भरवसा ठेवून कुंपण घालू नका! त्या रेषा मुख्यतः करआकारणीसाठी जुळवलेल्या असतात; हवाई फोटोवर त्या चक्क शेजाऱ्याच्या छपरावरून गेलेल्या दिसतात. सातबारा हातात असला तरी हद्दीसाठी मोजणी करावीच लागते, तसंच हे. नोंदलेला प्लॅट काढा, आणि वाद व्हायची शक्यता वाटली तर परवानाधारक सर्व्हेअर बोलवा. पैसे जातात, जाऊ द्या.

आणखी एक, नवखे इथेच फसतात: पत्त्यात रेडमंड लिहिलंय म्हणजे घर रेडमंड शहरात असेलच असं नाही. ती टपालखात्याची सोय. घर शहराच्या हद्दीबाहेर असेल तर पोलीस म्हणून काउंटीचा शेरीफ येतो, बांधकामाचा परवानाही काउंटीच देते. शाळेची हद्द (कुठल्या पत्त्याला कुठली शाळा) तर निराळीच; ती स्कूल डिस्ट्रिक्टच्याच, म्हणजे तिथल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थेच्याच, साइटवर तपासा.