हाय कमिशनर नाही, तरी हाय कमिशन चालू!

प्रश्न : 2019 पासून इस्लामाबादेत आपला हाय कमिशनर नाही असं क्लासमधले सर म्हणाले. मग तिथलं ऑफिस कोण चालवतं, आणि संबंध तुटले असं का म्हणत नाहीत? (स्पर्धा परीक्षेची तयारी करणारा वाचक, सांगली)

उत्तर : कारण तुटलेले नाहीतच, फक्त एक पायरी खाली उतरवलेत. हाय कमिशनर म्हणजे राजदूतच, कॉमनवेल्थमधले (पूर्वी इंग्रजांच्या साम्राज्यात असलेल्या देशांच्या गटातले) देश एकमेकांकडं पाठवतात त्याला हे नाव. ऑगस्ट 2019 मध्ये 370 चा निर्णय झाला, पाकिस्ताननं आपले हाय कमिशनर अजय बिसारिया यांना परत पाठवलं, त्यांचा नवा माणूस तर दिल्लीला रुजू व्हायचाच राहिला, आणि तेव्हापासून दोन्हीकडं प्रभारी बसतोय, ज्याला शार्ज द अफेअर्स म्हणतात. राजदूत राष्ट्रपतींचं पत्र घेऊन थेट तिथल्या राष्ट्रप्रमुखापुढं उभा राहतो, प्रभारीची धाव परराष्ट्र खात्यापर्यंत, एवढाच फरक. पण हा फरक मुद्दाम दाखवायचा असतो. एप्रिल 2025 ला पहलगामच्या हल्ल्यानंतर आपण आणखी आवळलं, स्टाफ 55 वरून 30 वर आणायला लावला, लष्करी सल्लागार घरी पाठवले, तरी कुलूप काही लागलं नाही.

चीनचं बघा. 1962 ला युद्ध झालं तरी दोघांच्या वकिलाती चालूच होत्या, फक्त राजदूत नव्हता, आणि तो यायला 1976 उजाडलं. तेव्हा बीजिंगला गेलेले गृहस्थ म्हणजे के. आर. नारायणन, पुढं राष्ट्रपती झालेले. खरोखर तुटणं बघायचं तर 6 डिसेंबर 1971 बघा, आपण बांगलादेशला मान्यता दिली आणि पाकिस्ताननं संबंधच तोडले. मग दोघांचं एकमेकांकडचं काम स्वित्झर्लंड बघायचं, तेही 1976 पर्यंत. म्हणजे एकाच वर्षात दोन्ही शेजाऱ्यांशी गाडी रुळावर आली, परीक्षेला विचारण्यासारखं आहे हे, लक्षात ठेवा. आणखी एक गंमत, पाकिस्तान 1972 ला कॉमनवेल्थमधून बाहेर पडला होता ते 1989 ला परत आला, त्यामुळं मधल्या काळात तिथं गेलेले आपले नटवर सिंग वगैरे हाय कमिशनर नव्हते, राजदूत होते.

प्रश्न : आमचं आटपाडी पूर्वी औंध संस्थानात होतं. तिथले अप्पासाहेब पंत परदेशात राजदूत होते असं आजोबा सांगायचे. राजपुत्राला राजदूत कसं केलं? परीक्षा नव्हती का? (आटपाडी)

उत्तर : आजोबा बरोबर सांगायचे. फॉरेन सर्व्हिस काढायचं ठरलं ऑक्टोबर 1946 ला, परीक्षा देऊन आलेली पहिली पोरं 1948 ची, आणि वकिलाती तर लगेच उघडायच्या होत्या, मग माणसं आणायची कुठनं? नेहरूंनी जिथनं मिळाली तिथनं उचलली, आयसीएसवाले (इंग्रजांच्या काळातले सनदी अधिकारी), प्राध्यापक, चळवळीतले आणि काही संस्थानिकांच्या घरातलेसुद्धा. अप्पासाहेब त्यातले, पण नुसते राजपुत्र नव्हते हो. 1939 साली औंधात गांधीजींच्या सल्ल्यानं राज्यकारभार लोकांच्या हातात द्यायचा जो प्रयोग झाला त्यात ते पुढं होते.

1948 ला त्यांना नैरोबीला धाडलं. केनिया तेव्हा इंग्रजांची वसाहत, स्वतंत्र देशच नाही म्हटल्यावर राजदूत कुठला, म्हणून हे कमिशनर. तिथल्या आफ्रिकन पुढाऱ्यांशी त्यांनी जी मैत्री जमवली ती गोऱ्या सरकारला अजिबात सोसली नाही. माझ्या मते त्यांचं सगळ्यात मोठं काम हेच, पुढं मिळालेल्या लंडनच्या खुर्चीपेक्षा मोठं. नंतर 1955 ते 61 गंगटोकला पोलिटिकल ऑफिसर, म्हणजे सिक्कीम, भूतान आणि तिबेटमधली आपली ठाणी एकट्याच्या अंगावर, तेही दलाई लामा भारतात आले त्या धामधुमीत. पुढं जकार्ता, ऑस्लो, कैरो, 1969 ला लंडनला हाय कमिशनर आणि शेवटी रोम. औंधला गेलात तर यमाईच्या डोंगरावरचं म्युझियम बघताच तुम्ही लोक, तेव्हा ह्या माणसाबद्दलही चार शब्द पोरांना सांगा की.

प्रश्न : आपण नेमलेला राजदूत समोरच्या देशाला नको असेल तर? (सातारा)

उत्तर : नको म्हणू शकतात, आणि कारण सांगायचीही गरज नाही, 1961 च्या व्हिएन्ना करारात तसं लिहिलंय. म्हणून नाव जाहीर करायच्या आधी गुपचूप विचारून घेतात. इस्रायलनं 2015 ला आधीच नाव जाहीर करून टाकलं, दानी दायान यांचं, ब्राझील गप्प बसलं ते बसलंच, शेवटी त्यांना न्यूयॉर्कला कॉन्सल जनरल (राजधानीबाहेरच्या शहरातल्या कचेरीचा प्रमुख) म्हणून पाठवावं लागलं. सातारकरांना हे नवीन नसावं. 1839 ला प्रतापसिंह महाराजांना गादीवरून काढलं तेव्हा त्यांची बाजू मांडायला त्यांचे वकील रंगो बापूजी लंडनला गेले, तिथं जवळजवळ 14 वर्षं काढली, प्रकरण पार्लमेंटपर्यंत नेलं, पण ईस्ट इंडिया कंपनीनं दाद दिली नाही ती नाहीच. पाठवणाऱ्याचं राज्यच काढून घेतल्यावर वकिलाला कोण विचारतो!

प्रश्न : दुबईत मुलाचा पासपोर्ट हरवलाय. राजदूतांना पत्र लिहू का? (तासगाव)

उत्तर : नको, वेळ जाईल. राजदूत अबुधाबीला बसतात, दुबईचं काम तिथल्याच भारतीय कॉन्सुलेटमध्ये होतं. मुलाला आधी पोलिसात तक्रार द्यायला सांगा, मग ती घेऊन कॉन्सुलेटला. नवा पासपोर्ट मिळतो, आणि लगेच घरी यायचं असेल तर एका प्रवासापुरतं इमर्जन्सी सर्टिफिकेट देतात. जुन्या पासपोर्टची झेरॉक्स घरात असेल तर आजच व्हॉट्सॲप करा.