नानम्माची गोष्ट रीलमध्ये टाकू का?

प्रश्न : मी सोलापूरच्या पूर्व भागात राहते. माझी नानम्मा, म्हणजे वडिलांची आई, लग्न होऊन तेलंगणातल्या करीमनगरकडच्या खेड्यातून इथं आली, आजोबा मागावर आणि ती आयुष्यभर विड्या वळत. मी तिचं बोलणं मोबाईलवर रेकॉर्ड करायलेय. पण मधेच माझ्या चुलतभावानं त्यातला तिच्या रडण्याचा तुकडा उचलला, रडकं म्युझिक लावलं आणि 'एका निर्वासित आजीची कहाणी' म्हणून इन्स्टावर टाकला. लाईक लई आले, पण नानम्मा तेव्हापासून माझ्याशी बोलेना. आता हे सगळं सोडून देऊ का?

उत्तर : सोडू नकोस गं. पण आधी तो तुकडा काढायला लाव, आजच, आणि नानम्माजवळ बसून माफी माग, भावालाही सोबत घेऊन. ती का रुसली असेल बघ ना, पन्नासेक वर्षं विड्या वळून घर चालवलेली बाई आणि जगाला दिसली ती फक्त रडताना.

दुसरं म्हणजे 'निर्वासित' हा शब्द चुकलाच. जिवाच्या भीतीनं देश सोडावा लागतो तो निर्वासित, 1947 ला सिंधमधून जी घरं आली ती तशी आली. तुमची माणसं कामासाठी आली. इथं 1877 ला 'जुनी मिल' नावाची कापडगिरणी सुरू झाली, पुढं आणखी मिल आल्या, मागाचं काम वाढलं आणि तेलंगणातले पद्मशाली विणकर कुटुंबंच्या कुटुंबं घेऊन आले. सोलापुरी चादर म्हणून आपण मिरवतो ना, त्यात या लोकांचे हात आहेत. तेव्हा स्थलांतरित लिही, नाहीतर सरळ 'करीमनगरहून आलेली' लिही, मला तेच जास्त आवडेल.

आता रेकॉर्डिंग. 'तुझी कहाणी सांग' म्हणलं की म्हातारी माणसं गप्पच होतात, हा माझा नेहमीचा अनुभव आहे. त्यापेक्षा तिच्या मांडीवर सूप दे. भिजवलेलं तेंदूचं पान, तो पत्र्याचा फर्मा, कात्री, तंबाखू, दोरा. पान कापताना बोट कसं फिरतं, विडीचं तोंड नखानं कसं दुमडते, ते अगदी जवळून घे, चेहरा नसला तरी चालेल. हात चालू झाले की तोंड आपोआप चालू होतं, छाट, म्हणजे नापास करून बाजूला काढलेल्या विड्या, किती निघायची, कारखान्यात कोण कसं बोलायचं, सगळं येईल. फॅन बंद कर, फोन फ्लाइट मोडवर टाक, शेजारचा यंत्रमाग मात्र बंद करायला सांगू नकोस, त्या खटखटीशिवाय ती गोष्ट तुमच्या गल्लीची वाटणारच नाही. वरून म्युझिक तर अजिबात नको.

आणि तिला मराठीत बोलायला लावू नकोस. आपल्याकडं वाक्य तेलुगूत सुरू होऊन मराठीत संपतं आणि मधे कानडी शब्द येतो, ते तसंच राहू दे, खाली मराठी सबटायटल दे.

2021 मध्ये लिटिल अमल नावाची साडेतीन मीटर उंच बाहुली तुर्कस्तानच्या गाझियांतेपहून इंग्लंडच्या मँचेस्टरपर्यंत नेली होती. सीरियातून एकटी निघालेली दहा वर्षांची पोर, असं तिचं पात्र. गावोगावचे लोक तिच्या स्वागताला रस्त्यावर यायचे. मला त्यातली एक गोष्ट फार पटते, एका खऱ्या पोरीला कॅमेऱ्यासमोर उभं करून तिचं दुःख उकरायची गरजच पडली नाही. तुलाही नानम्माचा चेहरा, नाव दाखवायलाच पाहिजे असं नाही. तिचा आवाज आणि तू काढलेली चित्रं, एवढ्यावरही सुंदर काम होईल.

परवानगी एकदाच घेऊन मोकळी होऊ नकोस. घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर चालेल का, इन्स्टावर चालेल का, हे वेगवेगळं विचार, कारण 'रेकॉर्ड कर' म्हणजे 'सगळ्यांना दाखव' असं होत नाही. उद्या ती नको म्हणाली तर काढायचं, वाद घालायचा नाही.

बतुकम्मा, आपला तेलंगणी फुलांचा सण, जवळ आलाय. तरवडाची, झेंडूची फुलं रचायला गल्लीतल्या बायका जमतीलच, तेव्हा मोबाईल टीव्हीला जोड आणि पहिला भाग त्यांनाच दाखव. नानम्मा मधेच 'अगं तसं नव्हतं ते' म्हणेल, बाकीच्या आणखी चार गोष्टी काढतील. त्या वेळी दुसरा मोबाईल चार्ज करून हाताशी ठेव.