लिव्हिंग-लर्निंग प्रोग्रॅम: घ्यायचा की हे नुसतं हॉस्टेलच?

मार्च-एप्रिल आला की एक प्रश्न माझ्याकडे हमखास येतो. अमेरिकेतल्या युनिव्हर्सिटीचं ॲडमिशन लेटर आलंय पण सोबत अजून एक पत्र आहे, अमुक लिव्हिंग-लर्निंग प्रोग्रॅमसाठी, म्हणजे एका विषयाची मुलं एकाच हॉस्टेलात राहून एकत्र शिकतात त्यासाठी, तुमची निवड झालीये, आता हे घ्यायचं की सोडून द्यायचं? यातली एक केस सांगते, सांगलीची मुलगी, तिला रेवा म्हणू, ओळख कळू नये म्हणून नावासकट थोडंफार बदललंय.

रेवाला युनिव्हर्सिटी ऑफ मेरीलँडला, म्हणजे कॉलेज पार्कला, कॉम्प्युटर सायन्स मिळालेलं आणि त्यासोबत कॉलेज पार्क स्कॉलर्स या तिथल्या लिव्हिंग-लर्निंग प्रोग्रॅमचं बोलावणं. हा प्रोग्रॅम १९९४ पासून चालू आहे. पहिली दोन वर्षं एका थीमची मुलं केंब्रिज कम्युनिटी म्हणून बिल्डिंगींचा एक गट आहे तिथे राहतात, एकत्र एक छोटा क्लास करतात, शेवटी प्रॅक्टिकम म्हणजे थीमशी जोडलेलं प्रत्यक्ष काम, आणि सगळं पूर्ण केलं तर ट्रान्सक्रिप्टवर, म्हणजे अधिकृत गुणपत्रकावर, सायटेशन म्हणजे प्रोग्रॅम पूर्ण केल्याची नोंद. थीम बऱ्याच आहेत, आर्ट्स, पब्लिक हेल्थ, बिझनेस वगैरे, आणि बोलावणं आलं की आपल्या कॅप राऊंडसारखा पसंतीक्रम भरायचा.

बाबा म्हणाले, "मॅडम, हे हॉस्टेलच आहे की हो, नुसतं नाव मोठं दिलंय. कोडिंग करायचं सोडून हिला त्यात कशाला अडकवायचं?" रेवाचं दुखणं वेगळंच होतं आणि ते बाबा बाहेर फोनवर गेल्यावर निघालं. ऑनर्स कॉलेजचं, म्हणजे त्याच युनिव्हर्सिटीतल्या निवडक हुशार मुलांच्या प्रोग्रॅमचं, बोलावणं आलं नाही म्हणून हे दिलंय, म्हणजे सांत्वनाचं बक्षीस, असं तिच्या डोक्यात पक्कं बसलेलं. आता खोटं कशाला बोलू, मुलांमध्ये ऑनर्सचा भाव जास्तच असतो. पण दोन्हीची रचनाच वेगळी आहे, ऑनर्समधल्या जेमस्टोन नावाच्या प्रोग्रॅमला चार वर्षं टीमने रिसर्च करावा लागतो आणि इथे दोन वर्षांत मोकळं, तेव्हा कुठे नाही घेतलं हे सोडून काय मिळतंय ते बघू म्हणलं.

आणि बघताना रिझ्युमे बाजूला ठेवायचा. नोकरी देणारा सायटेशन वाचून नोकरी देत नाही, हे बाबांचं म्हणणं मला पूर्ण मान्य. फायदा असतो तो पहिल्या सेमिस्टरमध्ये. एवढ्या मोठ्या कॅम्पसवर सांगलीहून एकटी गेलेली मुलगी, कॉम्प्युटर सायन्सचे पहिले लेक्चर भल्यामोठ्या हॉलमध्ये, प्रोफेसरला तुमचं नाव माहीत असायचं कारणच नाही. स्कॉलर्सच्या छोट्या क्लासमध्ये मात्र शिकवणारा ओळखतो, आणि पुढे रेकमेंडेशन लेटर मागायला हीच ओळख लागते, हे आपल्याकडे कोणी सांगत नाही. तेव्हा मेरीलँडलाच असलेल्या संशोधक कॅरन इंकेलस यांच्या पुढाकाराने २००४ आणि २००७ ला अशा प्रोग्रॅमांची देशभर पाहणी झाली, त्यात राहणाऱ्या मुलांनी कॉलेजात रुळणं सोपं गेलं असं सांगितलं होतं. आता यात एक मेख आहेच, असे प्रोग्रॅम घेणारी मुलं मुळातच मिसळणारी, हौशी असू शकतात, त्यामुळे सगळं श्रेय बिल्डिंगीला देऊ नये. (कल्पना काही नवी नाही बरं का, विस्कॉन्सिन युनिव्हर्सिटीत अलेक्झांडर मायकलजॉन या शिक्षणतज्ज्ञांनी १९२७ ला असंच एकत्र राहून शिकायचं कॉलेज काढलेलं, ते १९३२ ला बंद पडलं.)

मग मी रेवाला प्रोग्रॅमच्या ऑफिसला ईमेल करायला लावला, तिनेच लिहायचा, बाबांनी नाही. क्लास कोण घेतं, दर सेमिस्टरला किती क्रेडिट जातात, ते जनरल एज्युकेशनमध्ये, म्हणजे सगळ्यांना सक्तीच्या इतर विषयांत, धरले जातात का, दुसऱ्या वर्षापर्यंत किती मुलं टिकतात. आणि एक प्रश्न फक्त आपल्या मुलांचा, एफ-वन म्हणजे स्टुडंट व्हिसावर प्रॅक्टिकम कसं करायचं? कारण पहिलं पूर्ण शैक्षणिक वर्ष झाल्याशिवाय बाहेर इंटर्नशिपला सीपीटी, म्हणजे शिकताना कॅम्पसबाहेर काम करायची परवानगी, मिळत नाही, आणि ती कोर्सशी जोडलेली लागते, त्यामुळे कॅम्पसवरच्या लॅबमध्ये काम हा सोपा रस्ता. उत्तर बारकाईने आलं तर तिथे माणसं लक्ष देतायत, ब्रोशरमधलंच वाक्य परत आलं तर काय ते समजून जा.

तिला उत्तर नीट आलं. तरी थीमवरून घरात भांडण झालंच, बाबांना बिझनेसवाली हवी होती आणि रेवाने पसंतीक्रमात सायन्स अँड ग्लोबल चेंज सगळ्यात वर टाकली, म्हणजे हवामानबदलाची. तिच्या ॲप्लिकेशनच्या निबंधात २०१९ चा कृष्णेचा पूर होता, मावशीच्या घरात पहिल्या मजल्यापर्यंत पाणी आलेलं, तो तिने कोणी सांगितलं म्हणून लिहिला नव्हता. मी बाबांना म्हणलं, आठवड्याला एक क्लास आणि दोन वर्षांचे शेजारी, यात तिला जे आवडतं ते राहू द्या, कोडिंग तर ती करणारच आहे. दुसऱ्या वर्षी तिने कॅम्पसवरच एका प्रोफेसरकडे पावसाच्या डेटावर काम केलं, कोड तिथेही लिहावाच लागला.

त्याच सीझनला एका मुलाला मात्र मी उलटं सांगितलं. वेगळी युनिव्हर्सिटी, थीम त्याने फॉर्म भरताना पटकन टिक केलेली, त्या विषयावर दोन वाक्यं बोलता येईनात, स्वभावाने एकदम शांत, सक्तीच्या संध्याकाळच्या कार्यक्रमांची यादी वाचूनच घाबरलेला, वर ती बिल्डिंग साध्या हॉस्टेलपेक्षा महाग आणि घरच्यांनी लोन काढलेलं. आई म्हणत होती, नाही म्हणलं तर ॲडमिशनवर परिणाम होईल. नाही होत, त्याच्या पत्रातही तसं लिहिलेलं होतं, फक्त कोणी खालपर्यंत वाचलं नव्हतं. दोन ओळींचा ईमेल, थँक यू, जागा दुसऱ्याला द्या, आणि साध्या हॉस्टेलचा फॉर्म मुदतीच्या आत.