सममूल्य, समतुल्य आणि 'बरोबर'चे चिन्ह

सोलापुरातील एका पालकांची शंका अशी आहे: मुलीच्या गणिताच्या पुस्तकात १/२ आणि २/४ यांना 'सममूल्य अपूर्णांक' म्हटले आहे, पण दोहोंमध्ये चिन्ह मात्र 'बरोबर'चे दिले आहे, मग ते समान म्हणायचे की सममूल्य, आणि 'समतुल्य' हा शब्द यात कोठे बसतो?

दोन्ही शब्द योग्यच आहेत. अर्धी कडक भाकरी आणि त्याच भाकरीचे दोन चतकोर ताटात वेगळे दिसतात, पण पोटात तेवढेच जाते. त्याचप्रमाणे अपूर्णांक लिहिण्याच्या रूपाविषयी बोलायचे असेल तेव्हा 'सममूल्य' म्हणावे, आणि त्या रूपांनी दाखवलेल्या संख्येविषयी बोलायचे असेल तेव्हा 'समान', कारण संख्यारेषेवर दोघांचा बिंदू एकच असतो. १ × ४ आणि २ × २ हे तिरकस गुणाकार सारखे येतात, ही त्याची खूण.

'समतुल्य' अधिक व्यापक आहे. 'तुल्य' हा शब्द 'तुला' म्हणजे तराजू यावरून आला (त्यात समानता आलीच असल्याने पुन्हा 'सम' कशाला, असे कोणी म्हटले तर ते चूक नाही, पण शब्द आता रूढ आहे). तराजू वजन पाहतो, रंगरूप नाही. म्हणून कोणत्या बाबतीत समतुल्य, हे सांगावेच लागते.

गणितात तुल्यतेला तीन अटी आहेत: प्रत्येक वस्तू स्वतःशी तुल्य असावी, अ ब-शी तुल्य असेल तर ब अ-शी असावी, आणि अ ब-शी व ब क-शी तुल्य असेल तर अ क-शीही असावी. बोलण्यातले 'सारखे' या तिसऱ्या अटीपाशी अडखळते. चादरीसाठी रंगवलेल्या सुताच्या लडी ओळीने मांडल्या, तर शेजारशेजारच्या दोन लडी डोळ्यांना एकाच रंगाच्या वाटतात, पण पहिली आणि विसावी हातात घेतली की एक लाल आणि दुसरी चक्क विटकरी निघू शकते.

तर्कशास्त्र फक्त खरे-खोटे पाहते. 'चादर महाग आहे पण टिकाऊ आहे' आणि 'चादर टिकाऊ आहे पण महाग आहे' ही वाक्ये एकाच परिस्थितीत खरी ठरतात, म्हणून तेथे ती समतुल्य आहेत; दुकानात मात्र पहिले विक्रेत्याच्या तोंडी शोभते आणि दुसरे उठून निघालेल्या गिऱ्हाइकाच्या. 'पण'च्या पुढे जे येते त्यावर मराठीत भर पडतो, आणि तो भर तर्कशास्त्राच्या हिशेबात धरला जात नाही.

मुलीने उत्तरपत्रिकेत 'सममूल्य' हीच पुस्तकातील संज्ञा लिहावी आणि चिन्ह 'बरोबर'चेच द्यावे.