हवेच्या प्रदूषणामुळे संसर्गजन्य आजार जास्त पसरतात का?

हो, पण धूर स्वतः जंतू निर्माण करत नाही. तो आपल्या शरीराचा पहारा ढिला करतो.

श्वासनलिकेच्या आतल्या बाजूला अतिसूक्ष्म केसांसारखे तंतू असतात. त्यांच्यावर चिकट द्रवाचा थर असतो. धूळ, जंतू त्यात अडकतात आणि हे तंतू लाटेसारखे हलत ती घाण घशाकडे ढकलत राहतात. दिवसरात्र, आपल्या नकळत. धुराने हे तंतू मंदावतात आणि जंतूंना आत मुक्काम ठोकायला वेळ मिळतो. त्यात पीएम २.५ म्हणजे २.५ मायक्रोमीटर किंवा त्याहून बारीक कण थेट फुप्फुसाच्या वायुकोशांपर्यंत पोहोचतात. तिथे जंतू गिळणाऱ्या पेशी असतात, पण कण गिळून गिळून त्यांची जंतू मारण्याची ताकद कमी होते.

१९५२ च्या डिसेंबरात लंडनवर पाच दिवस विषारी धुके साचले. हजारो माणसे दगावली, त्यांत ब्राँकायटिस (श्वासनलिकांची सूज) आणि न्यूमोनियाचे रुग्ण खूप होते.

मला जास्त काळजी घरातल्या चुलीच्या धुराची वाटते, कारण लहान मूल आईच्या कडेवर बसून तोच धूर ओढत असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते अशा धुरामुळे मुलांमधला न्यूमोनियाचा धोका जवळपास दुप्पट होतो. क्षयरोगाशीही या धुराचा संबंध अनेक अभ्यासांत दिसला आहे.

खोकला आठवडाभर हटत नसेल तर ‘धुराचाच आहे’ म्हणून सोडून देऊ नका. दोन आठवडे झाले असतील तर क्षयरोगासाठी थुंकीची तपासणी करून घ्याच.