राजन्य आणि अल्निलम दोन्ही 'बी ८' निघाले, चुकलं कुठे?

बाकीच्यांसाठी प्रश्न थोडक्यात सांगतो. कोथरूडच्या गच्चीवरून सहा इंची दुर्बिणीला मिलिमीटरला १०० रेषांचं ग्रेटिंग (प्रकाश फाकवून वर्णपट देणारी काच) लावून तुम्ही राजन्य (रायगेल) आणि मृगाच्या बाणातला मधला तारा अल्निलम यांचे वर्णपट घेतलेत. सॉफ्टवेअरमध्ये तापमानाचा वक्र बसवल्यावर दोघांचंही तापमान ११-१२ हजार केल्विनच्या घरात आलं, म्हणून दोन्ही 'बी ८' ठरवलेत. (वर्ग उष्णतेच्या उतरत्या क्रमाने ओ, बी, ए असे जातात; अक्षरापुढचा आकडा जितका लहान तितका तारा उष्ण.) राजन्यच्या रेषा फिकट दिसल्या म्हणून तो ए नाही, असंही लिहिलंत. पुस्तक मात्र अल्निलमला बी ० म्हणतं. शिवाय ५८८० अँगस्ट्रॉम (तरंगलांबीचं एकक) या आकड्याजवळची रेषा हेलियमची की सोडियमची, आणि ७६०० ला एवढा मोठा खड्डा कसला, हेही विचारलंय.

खड्ड्यापासूनच सुरुवात करतो, शेवटी पुण्यात राहतो आपण. ७६०० चा खड्डा ताऱ्याचा नाहीच, आपल्या हवेतल्या ऑक्सिजनचा आहे. त्याचा धाकटा भाऊ ६८७० ला सापडेल. कुठल्याही ताऱ्याकडे दुर्बीण वळवा, हे दोघे हजर असतात, आणि तारा क्षितिजाकडे झुकला की आणखी खोल होतात. त्यांचा उपयोग तरंगलांबी तपासायला करा आणि वर्गीकरणात त्यांना विसरा.

आता मूळ दुखणं. तापमानाचा वक्र बसवून ओ आणि बी तारे वेगळे करता येत नाहीत. राजन्यचं उत्तर बरोबर आलं तो योगायोग समजा. अल्निलम साधारण २७,००० केल्विनचा आहे, म्हणजे त्याच्या प्रकाशाचं शिखर ११०० अँगस्ट्रॉमच्याही अलीकडे, दूरच्या अतिनीलमध्ये. राजन्यचं शिखर २४०० च्या आसपास. तुमचा कॅमेरा बघतो साधारण ४००० ते ८००० हा पट्टा, म्हणजे दोन्ही डोंगरांचा फक्त पायथ्याकडचा उतार, आणि तिथे दोन्ही उतार बरेचसे सारखेच दिसतात. खडकवासल्याच्या चौपाटीवर भजी खात समोरच्या चार हात जमिनीच्या चढावरून सिंहगडाची उंची सांगण्यासारखं आहे हे. त्यात कॅमेऱ्याची निळ्यातली कमी संवेदना, शहरातली धूळ आणि ताऱ्याची उंची यांनी तो उतार आणखी वाकतो. तुम्ही व्याधाचा वर्णपट घेऊन, त्याच्या माहीत असलेल्या वर्णपटाशी ताडून, कॅमेऱ्याच्या संवेदनेची दुरुस्ती केली होती का? तुमच्या लिहिण्यात तसं दिसलं नाही.

रंगावर तर मुळीच जाऊ नका. बी-व्ही हा रंगनिर्देशांक (निळ्या आणि पिवळ्या-हिरव्या गाळणीतून मोजलेल्या तेजाचा फरक; जितका उणे तितका तारा निळा) ओ ताऱ्यांना -०.३२ च्या आसपास आणि बी ० ला -०.३०. एवढ्याशा फरकात ओ ५ आणि ओ ९ कसे वेगळे करणार? वर अंतराळातली धूळ निळा प्रकाश खाते. हंस तारकासमूहातल्या 'सिग्नस ओबी २' या समूहातला १२ क्रमांकाचा तारा बी वर्गाचा, भयंकर तेजस्वी. पण वाटेतल्या धुळीने त्याचा दृश्य प्रकाश सुमारे १० प्रतींनी, म्हणजे दहा हजार पटींनी घटतो, आणि दिसतो तो चक्क लालसर.

म्हणून फक्त रेषा बघायच्या. त्याही एकेकट्या नाहीत, शेजारच्या दोन रेषांची जोडी लावून. शेजारच्या यासाठी की धूळ, हवा, कॅमेरा या सगळ्यांचा परिणाम दोघींवर सारखाच होतो. जोडी अशी निवडायची, की तापमान वाढलं की एक चढते आणि दुसरी उतरते. १९४३ साली अमेरिकेतल्या यर्क्स वेधशाळेत मॉर्गन, कीनन आणि केलमन यांनी जी पद्धत घालून दिली तिचा गाभा हाच: आपला वर्णपट ठरलेल्या प्रमाण ताऱ्यांच्या वर्णपटाशेजारी ठेवायचा आणि कुठल्या दोघांच्या मध्ये बसतो ते बघायचं. तापमान किती, अंतर किती, हे प्रश्न त्या वेळी मनातही आणायचे नाहीत. मला हे पचायला बराच वेळ लागला. आपल्याला आकडा हवा असतो ना.

ओ ताऱ्यांतली हुकमाची जोडी म्हणजे आयनित (एक इलेक्ट्रॉन गमावलेल्या) हेलियमची ४५४१ आणि साध्या हेलियमची ४४७१. दोघी सारख्या दिसल्या की ओ ७. ४५४१ वरचढ असेल तर तारा त्याहून उष्ण, ४४७१ वरचढ असेल तर ओ ८, ओ ९. आयनित हेलियम जवळपास मावळला की बी सुरू. तिथून सूत्रं सिलिकॉनकडे जातात. बी ० च्या आसपास सिलिकॉनचे तीन इलेक्ट्रॉन गेलेले असतात (४०८९), मग दोन गेलेला जोर धरतो (४५५२), आणि बी च्या उत्तरार्धात एकच गेलेला (४१२८-४१३०). साध्या हेलियमचा बहर बी २ ला. नंतर तो ओसरत जातो आणि बी ८ च्या सुमारास ४४७१ ला शेजारची मॅग्नेशियमची ४४८१ गाठते. हे असं का घडतं याचं गणित मेघनाद साहांनी १९२० साली मांडलं. त्याआधी लोक नुसत्या डोळ्याने अक्षरं लावत होते, आणि गंमत म्हणजे बरोबर लावत होते.

तुमची अडचण इथेच आहे. ४४७१ आणि ४४८१ मध्ये अंतर १० अँगस्ट्रॉम. स्लिटशिवायच्या (प्रकाश अरुंद फटीतून न घेणाऱ्या) १०० रेषांच्या ग्रेटिंगला ३०-४० अँगस्ट्रॉमच्या आतलं काही सुटं दिसत नाही. म्हणजे वरच्या बहुतेक जोड्या तुमच्या वर्णपटात चिकटलेल्याच राहणार. तुमची चूक नाही, उपकरणाची मर्यादा आहे. ५८८० चंही तेच: हेलियम ५८७६ ला आणि सोडियमची जोडी ५८९०-५८९६ ला, तुम्हाला दोन्ही मिळून एकच दिसणार. अल्निलममध्ये त्यातला मोठा वाटा हेलियमचाच धरा, कारण एवढ्या उष्णतेत ताऱ्याच्या वातावरणातला सोडियम आयनित झालेला असतो. त्याच्या पिवळ्या रेषा दिसल्याच तर वाटेतल्या वायूमुळे. खातरजमेसाठी हेलियमची ६६७८ शोधा, तिच्या जवळपास सोडियम नाही.

वाटेतल्या वायूवरून आठवलं. बाणाच्या पश्चिम टोकाचा मिंटाका घ्या. १९०४ साली योहानेस हार्टमान या जर्मन खगोलशास्त्रज्ञाला दिसलं की जोडतारा असल्यामुळे याच्या बाकीच्या रेषा ५.७ दिवसांत मागेपुढे हलतात, पण कॅल्शियमची ३९३४ ची रेषा जागची हलत नाही. म्हणजे ती ताऱ्याची नव्हेच. तारे आणि आपण यांच्या मध्ये वायू आहे, याचा हा पुरावा रोज डोळ्यांसमोर असलेल्या बाणाच्या टोकावर मिळाला.

आता असलेल्या सामग्रीत करण्यासारखं काम सांगतो. फेब्रुवारीच्या संध्याकाळी राजन्य आणि मघा एकाच रात्री घ्या, दोन्ही शक्यतो सारख्या उंचीवर असताना. दोघांचा वर्ग जवळपास बी ८. पण हायड्रोजनची ४८६१ बघा: मघाची रुंद आणि भरदार, राजन्यची बारीक. मघाच्या दाट वातावरणात आजूबाजूच्या भारित कणांच्या विद्युतक्षेत्राने हायड्रोजनच्या रेषा फाकतात. राजन्य महाराक्षसी (प्रचंड फुगलेला) तारा, त्याचं वातावरण विरळ, म्हणून रेषा सडपातळ. राजन्यच्या वर्णपटात रेषा फिकट बघून 'हा ए नाही, नक्कीच फार उष्ण' असा निष्कर्ष तुम्ही काढलात, तो त्याच्या सडपातळपणाचा परिणाम होता. हार्वर्डमध्ये अँटोनिया मॉरीने १८९७ सालीच अशा बारीक रेषांच्या ताऱ्यांना 'सी' ही वेगळी खूण दिली होती. ते तारे प्रचंड तेजस्वी असतात हे डॅनिश खगोलशास्त्रज्ञ हर्ट्झस्प्रुंगने पुढे काही वर्षांनी ओळखलं.

मघाबद्दल माझी एक फजिती. एका मित्राचा स्लिटवाला स्पेक्ट्रोग्राफ घेऊन आम्ही वेल्ह्याकडे गेलो होतो. मघाच्या हेलियमच्या रेषा काही केल्या धारदार होईनात. दोन तास फोकस हलवत बसलो, दव पडून लेन्स ओली झाली, मित्र गाडीत जाऊन झोपला. फोकस पहिल्यापासून ठीक होता. मघाच सुमारे १६ तासांत स्वतःभोवती एक फेरी मारते. विषुववृत्तावरचा वेग सेकंदाला ३०० किलोमीटरच्या वर, रेषा फिसकटणारच. वर्ग लिहिताना अशा ताऱ्यांपुढे 'एन' लावतात, तो हाच फिसकटलेपणा.

उपकरण बदलायच्या आधी आणखी दोन तारे. मार्चच्या मध्यावर रात्री नऊच्या सुमारास दक्षिणेला झीटा पपिस पुण्यातून ३२ अंशांपर्यंत चढतो. ओ ४, महाराक्षसी. याच ताऱ्यात हार्वर्डच्या पिकरिंगला १८९६ साली अनोळखी रेषा मिळाल्या आणि त्याने त्या हायड्रोजनच्या मानल्या. त्या आयनित हेलियमच्या आहेत हे भौतिकशास्त्रज्ञ नील्स बोरने १९१३ साली दाखवलं. तुमच्या ग्रेटिंगमध्ये तो जवळजवळ कोरा दिसेल, पण ४६८६ ला बारीकसा उंचवटा येतो का बघा.

त्याच वेळी, त्याच्याही खाली, २४ अंशांवर गॅमा व्हेलोरम. त्यात वुल्फ-रायेट तारा आहे, म्हणजे बाहेरचे थर जोरदार वाऱ्याने उडवून देणारा अतिउष्ण तारा. खड्डे नाहीत, टेकड्या आहेत: ४६५०, ५६९६ आणि ५८०० ला कार्बनच्या रुंद उत्सर्जनरेषा, १०० च्या ग्रेटिंगलाही न चुकता दिसणाऱ्या. कोथरूडच्या गच्चीवरून शेजारच्या इमारतीची पाण्याची टाकी आड येत असेल तर दक्षिण मोकळी असलेली जागा गाठा. घेतलात की व्याधाच्या दुरुस्तीसकट कच्ची फाइल इथे टाका, आलेखाचं चित्र नको. चित्रावरून तरंगलांबी मोजता येत नाही.