ट्यूनेबल फिल्टर थेट चिपवर नको, आधी बोर्डावर

प्रश्न : मी नागपूरला इलेक्ट्रॉनिक्सच्या तिसऱ्या वर्षाला आहे. चिपवर मावणारा ट्यूनेबल मायक्रोवेव्ह फिल्टर शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी घेऊ का? पुढे यात नोकरी आहे का?

उत्तर : विषय जरूर घे, पण हवी ती फ्रीक्वेन्सी निवडणारा आणि ती निवड बदलता येणारा हा फिल्टर चिपवर कुठे अडतो ते आधी समजून घे. सिलिकॉनवरच्या स्पायरल इंडक्टरचा क्यू, म्हणजे ऊर्जा किती कमी वाया जाते याचं माप, साधारण १० ते २०. धातूचा रोध आणि खालचं सबस्ट्रेट (चिपचा सिलिकॉनचा पाया) दोघंही ऊर्जा खातात. उदाहरणार्थ दोन रेझोनेटरचा (रेझोनेटर म्हणजे एका फ्रीक्वेन्सीलाच जोरात प्रतिसाद देणारं सर्किट), ५ टक्के बँडविड्थचा बटरवर्थ (सपाट रिस्पॉन्सचा) फिल्टर घे. क्यू १५ असेल तर मधल्या फ्रीक्वेन्सीलाच १३ डीबीच्या वर लॉस होतो. क्यू २०० असता तर सव्वा डीबीवर भागलं असतं. हा लॉस भरून काढायला क्रॉस-कपल्ड ट्रान्झिस्टरचा निगेटिव्ह रेझिस्टन्स (ऊर्जा खाण्याऐवजी पुरवणारा रोध) जोडतात. तो जरा जास्त झाला की फिल्टरचा ऑसिलेटर होतो. बेताचा ठेवला तरी नॉइज वाढतो आणि मोठ्या सिग्नलला लिनिॲरिटी ढासळते.

ट्यूनिंगलाही पॅरासिटिक, म्हणजे लेआउटमधून नको असताना येणारे कपॅसिटन्स-इंडक्टन्स, नडतात. व्हॅरॅक्टर (व्होल्टेजने कपॅसिटन्स बदलणारा डायोड) ०.३ ते ०.९ पिकोफॅरड बदलत असेल तर हिशेबाने फ्रीक्वेन्सी १.७३ पट हलायला हवी. लेआउटचे ०.३ पिकोफॅरड त्यात मिळवले की जेमतेम १.४१ पट उरते.

म्हणून पहिलं सत्र बोर्डाला दे. १.६ मिमी एफआर-४ वर (नेहमीचा सर्किट बोर्ड), १ गिगाहर्ट्झच्या आसपास, दोन मायक्रोस्ट्रिप (बोर्डावरच्या तांब्याच्या पट्टीचे) रेझोनेटर आणि टोकाला व्हॅरॅक्टर. सुटे रेझिस्टर-कपॅसिटर सीताबर्डीत मिळतील, व्हॅरॅक्टर ऑनलाइन मागव. व्हॅरॅक्टरचा बायस (त्याला ट्यून करणारं डीसी व्होल्टेज) १०० किलोओहममधून दे, नाहीतर बायसची वायरच रेझोनेटरचा भाग होते. ग्राउंडला एकच व्हाया (बोर्डातून आरपार जाणारी धातूची जोडणी) ठेवलास तर तिच्या इंडक्टन्समुळे फ्रीक्वेन्सी खाली सरकेल, तीन-चार ठेव. मोजायला नॅनोव्हीएनए (फिल्टरचा रिस्पॉन्स मोजणारं छोटं उपकरण) पुरतो, मात्र कॅलिब्रेशन केबलच्या टोकाशी कर.

दुसऱ्या सत्रात आयएचपी या जर्मन संस्थेचं खुलं १३० नॅनोमीटर पीडीके (त्यांच्या चिप-प्रक्रियेसाठी डिझाइन करायला लागणारा माहितीसंच) घे. काम या सॉफ्टवेअरवर कर : सर्किट एक्सस्कीम आणि एनजीस्पाइसवर, इंडक्टर ओपनईएमएसवर, लेआउट केलेआउटवर. चिप बनवून घ्यायची गरज नाही, पण पॅरासिटिक धरून सिम्युलेशन कर. त्याशिवायच्या आकड्यांना मी किंमत देणार नाही.

आरएफ चिप डिझाइनच्या नोकऱ्या बहुतेक बंगळुरू-हैदराबादला, आणि तिथे एमटेकवाल्यांचं पारडं जड असतं. तेव्हा एमटेक प्रवेशासाठीच्या गेट परीक्षेच्या ईसी (इलेक्ट्रॉनिक्स) पेपरची तयारी आत्ताच सुरू कर. घरापाशी व्हीएनआयटी आहेच, शिवाय आयआयटी खरगपूरचा आरएफ-मायक्रोवेव्हचा अभ्यासक्रमही बघ. मुलाखतीला जाताना मोजलेला आणि सिम्युलेट केलेला रिस्पॉन्स एकाच ग्राफवर ने. दोन्हींत फरक असणारच, तो का आला हे सांगायची तयारी ठेव.